खंड किती दिवसांचा?

बंगळुरूच्या मराठी घरांत सुट्टीच्या दिवशी चार मंडळी जेवायला जमली की एक विषय हमखास निघतो. कुणीतरी न्यूझीलंडमध्ये किंवा पोर्तुगालमध्ये माळावर कॅराव्हॅन उभी करून शेती सुरू केलेल्या जोडप्याचा व्हिडिओ पाहिलेला असतो. नळ नाही, विजेची तार नाही, आणि तरी ती दोघं मजेत राहत असतात. मग प्रश्न येतो: ‘आपणही कनकपुरा रस्त्याला दोन एकर घेतले, तर आधी काय करायचं? बोअर मारायची, घर बांधायचं, की सोलर बसवायचं?’

प्रश्न रास्त आहे. पण या तिन्हींच्या आधी आणखी एक प्रश्न येतो आणि तो फारसा कुणी विचारत नाही. या प्रकरणात त्या प्रश्नापर्यंत पायरीपायरीने जाऊ.

1. बिऱ्हाड आणि घर

‘ग्रिड’ म्हणजे जाळं. पाण्याच्या नळांचं, विजेच्या तारांचं, गटारांचं. या जाळ्याला न जोडता जे घर चालतं, त्याला ऑफ-ग्रिड म्हणतात. ‘होमस्टेड’ हा शब्द जुना आहे. अमेरिकेत 1862 साली एक कायदा झाला. त्यानुसार सरकार 160 एकर जमीन देई, आणि पाच वर्षं तिथे राहून ती कसली की ती जमीन तुमच्या मालकीची होई. जाणारी कुटुंबं सुरुवातीला कापडी छपराच्या गाडीत, नाहीतर मातीत खणलेल्या खोपीत राहत. बांधलेलं घर मागाहून येई. आजच्या कॅराव्हॅनमागे तीच रीत आहे.

आपल्याला ती परकी नाही. मेंढपाळ धनगरांचा वाडा घोड्यांच्या पाठीवर चालतो. ऊसतोड कामगार कारखान्याच्या आवारात पाचटाची कोपी घालतो आणि हंगाम काढतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, असं आपण म्हणतो. हलतं बिऱ्हाड आणि घर यांत मोठा फरक आहे तो साठ्याचा. बिऱ्हाडात फार साठवता येत नाही. म्हणून प्रत्येक गोष्ट मोजून घ्यावी लागते, आणि संपायच्या आत पुढची सोय बघावी लागते.

कॅराव्हॅनमध्ये राहण्याचा खरा फायदा मला इथेच दिसतो. शहरातल्या माणसाला आपण दिवसाला किती पाणी वापरतो ते ठाऊक नसतं, कारण नळ सोडला की ते येतं. कॅराव्हॅनच्या टाकीत साधारण शंभर लिटर पाणी मावतं. ती कोणत्या दिवशी, किती वाजता रिकामी झाली, हे दोघांनाही कळतं. महिनाभरात आपला आकडा पाठ होतो. पुढचा सगळा हिशोब या आकड्यावर उभा राहतो.

2. बेगमी कशावर ठरते?

पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस पाऊस पडला नाही की शेतकरी म्हणतो, ‘पावसाने खंड दिला.’ हा शब्द लक्षात ठेवा. दोन चांगल्या पावसांच्या मधला कोरडा काळ म्हणजे खंड.

आता कोकणातल्या घराची आगोट आठवा. मे महिन्यात तांदूळ, मीठ, सुके मासे, सरपण, पापड भरून ठेवायचे. किती भरायचे? वर्षाची सरासरी काढून कुणी भरत नाही. बाजाराची वाट किती महिने बंद असेल आणि घरात खाणारी तोंडं किती, यावर बेगमी ठरते.

पाण्याचंही तसंच आहे. ‘आमच्याकडे वर्षाला अमुक इतका पाऊस पडतो’ हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून टाकी किती मोठी हवी ते कळत नाही. पावसाची बेरीज तुम्हाला वर्षभर पुरेल का, एवढंच सांगते. टाकीचा आकार खंड सांगतो. वीज, खत, संडास या सगळ्यांना हाच नियम लागतो. म्हणून बोअर, घर आणि सोलरच्या आधीचा प्रश्न आहे: इथे खंड किती दिवसांचा?

3. विजयनगरमधलं घर

हा प्रश्न विचारून बांधलेलं एक घर बंगळुरूत आहे. त्यासाठी माळावर जायला नको, ते शहराच्या पश्चिमेला विजयनगरच्या भरवस्तीत आहे. घर ए. आर. शिवकुमार यांचं. कर्नाटक राज्य विज्ञान आणि तंत्रज्ञान परिषदेचं कार्यालय भारतीय विज्ञान संस्थेच्या आवारात आहे. तिथे ते शास्त्रज्ञ होते आणि पावसाचं पाणी साठवण्यावर त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. 1995 साली त्यांनी घर बांधलं आणि पाणीपुरवठा मंडळाची जोडणी घेतलीच नाही. घर पावसाच्या पाण्यावर चालू लागलं.

बांधायच्या आधी त्यांनी दोन कामं केली. एक, कुटुंबाला दिवसाला किती पाणी लागतं ते पाहिलं. चार माणसांना साधारण चारशे लिटर. दोन, बंगळुरूच्या पावसाच्या शंभर वर्षांच्या नोंदी काढल्या, आणि त्यांत वर्षाच्या बेरजेबरोबर दोन चांगल्या पावसांमधलं अंतर शोधलं. ते वाईटात वाईट 90 ते 100 दिवस निघालं.

आता गुणाकार शाळेतला आहे. 400 लिटर गुणिले 100 दिवस म्हणजे 40 हजार लिटर. थोडी सवलत ठेवून त्यांनी सुमारे 45 हजार लिटरची साठवण केली. एवढी टाकी भरलेली असेल, तर शंभर वर्षांतला सर्वांत लांब खंडही घर काढू शकतं.

बेरीज पुरते का, तेही तपासू. त्यासाठी एक सूत्र पाठ करा, आयुष्यभर उपयोगी पडेल: एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. चाळीस बाय साठ फुटांचा प्लॉट म्हणजे सुमारे 223 चौरस मीटर. बंगळुरूचा पाऊस वर्षाला साधारण 970 मिलिमीटर. गुणाकार केला की दोन लाख सोळा हजार लिटर. आणि घराची गरज 400 गुणिले 365, म्हणजे एक लाख सेहेचाळीस हजार लिटर. थोडं जमिनीत मुरलं, थोडं उडून गेलं, तरी पुरतं.

बाकीच्या खुब्या साध्या आहेत. पहिल्या सरीचं पाणी छपरावरची धूळ घेऊन येतं, ते बाजूला काढायचं. नंतरचं पाणी गाळणीतून टाकीत सोडायचं. शिवकुमारांनी यासाठी ‘पॉप-अप फिल्टर’ नावाची सोपी गाळणी तयार केली. धुण्याच्या यंत्रातलं पाणी संडासासाठी वापरायचं. यातलं काहीही गावातल्या गवंड्याला आणि प्लंबरला न जमण्यासारखं नाही. अवघड काम नोंदवह्या उघडून बसण्याचं होतं, आणि तेच बहुतेक लोक टाळतात.

2009 साली बंगळुरूच्या पाणीपुरवठा मंडळाने ठरावीक आकाराच्या प्लॉटवर पावसाचं पाणी साठवणं किंवा मुरवणं सक्तीचं केलं. तरीही मार्च 2024 मध्ये शहरावर टँकरचे दर सरकारने ठरवून देण्याची आणि पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर पाच हजारांचा दंड लावण्याची वेळ आली. कावेरीचं पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, शेकडो मीटर वर उचलून इथे आणावं लागतं. जिथे कावेरीचा नळ पोचला नव्हता, तिथल्या बोअर आटल्या. बंगळुरूखाली कठीण खडक आहे. पाणी त्याच्या भेगांत असतं, आणि हजार फूट खोल गेल्यावरही भेग सापडेलच असं नाही. दोन एकरांच्या स्वप्नात पहिला खर्च बोअरवर करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. बोअर लागलीच, तरी ती उपसायला वीज लागते. मग एका खंडाच्या जागी दोन खंड सांभाळावे लागतात.

4. तेच घर पुण्यात बांधलं तर?

मराठी वाचकासाठी या प्रकरणातला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

बंगळुरूत पाऊस विखुरलेला पडतो. एप्रिल-मेमध्ये वळवाच्या सरी, मग नैर्ऋत्य मान्सून, सप्टेंबर-ऑक्टोबरात सर्वांत जोर. कोरडा काळ मुख्यतः डिसेंबर ते मार्च. म्हणून खंड शंभर दिवसांत आटोपतो. पुण्यात मान्सून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो आणि ऑक्टोबरच्या मध्याला परततो. वळवाच्या सरींवर भरवसा ठेवता येत नाही, तेव्हा खंड धरायचा साधारण 230 दिवसांचा. 400 गुणिले 230 म्हणजे 92 हजार लिटर. कुटुंब तेच, वापर तोच, पण टाकी दुपटीहून मोठी.

आता दापोलीला चला. तिथे पाऊस साडेतीन हजार मिलिमीटरच्या घरात, बंगळुरूच्या तिपटीहून जास्त. मग टाकी लहान चालेल? चालणार नाही. पाऊस कितीही पडला तरी तो जून ते ऑक्टोबरच पडतो, खंड तोच 230 दिवसांचा. धो धो पाऊस पडणाऱ्या कोकणात मे महिन्यात टँकर का लागतात, याचं उत्तर या एका गुणाकारात आहे. बेरीज अफाट, पण खंड ओलांडायला साठाच नाही.

म्हणून परदेशातला किंवा दुसऱ्या राज्यातला नकाशा उचलून आपल्या जमिनीवर ठेवू नका. पोर्तुगालच्या दक्षिणेला उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. तिथल्या जोडप्याची टाकी त्यांच्या खंडाच्या मापाची असते, तुमच्या नव्हे.

5. कॅराव्हॅनच्या छपरावर किती पाणी पडतं?

समजा, दोघंजण बंगळुरूजवळच्या जमिनीवर कॅराव्हॅन उभी करून राहिले. कॅराव्हॅनचं छप्पर साडेपाच मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद, म्हणजे सुमारे 12 चौरस मीटर. त्याला 970 ने गुणायचं आणि शिंतोडे, बाष्पीभवन, पहिली सर यांसाठी पंधरा टक्के वजा करायचे. उरतात सुमारे दहा हजार लिटर.

दोघांची गरज किती? शहरांसाठी सरकारी मानक माणशी 135 लिटरचं आहे, ग्रामीण नळयोजनेचं 55 लिटरचं. बादलीने अंघोळ आणि कोरडा संडास असेल तर माणशी 40 लिटरमध्ये नीट भागतं. दोघांचे रोज 80, वर्षाचे 29 हजार. दहा हजार आले, एकोणतीस हजार हवेत. छप्पर अपुरं पडलं.

इथे लोक बोअरकडे धावतात. त्याआधी शेजारी तीस चौरस मीटरची पत्र्याची शेड घाला. अवजारं, गवत, सायकली ठेवायला ती लागणारच असते. तिच्यावरून आणखी साधारण पंचवीस हजार लिटर मिळतात. एकूण पस्तीस हजार, गरजेपेक्षा थोडे वर. आणि टाकी? 80 गुणिले 100 दिवस, म्हणजे आठ हजार लिटर. दहा हजारांची फेरोसिमेंटची टाकी बांधली की हात मोकळा राहतो. पुढे पक्कं घर झालं तरी ती टाकी वाया जात नाही, आणि तिच्याच पाण्यावर घराचं बांधकाम होतं.

बंगळुरू समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंचीवर आहे, म्हणून पत्र्याच्या डब्यात एप्रिलही काढता येतो. चंद्रपूरला हा प्रयोग करू नये. तिथे कॅराव्हॅनवर आधी गवताचं दुसरं छप्पर हवं. इथली तांबडी माती पाणी लवकर सोडते. विदर्भ-मराठवाड्याच्या काळ्या मातीत मात्र पहिल्याच पावसात चाकं रुततात, तिथे आधी मुरूम टाकून चबुतरा करावा लागतो.

6. उन्हाचा खंड

विजेचा हिशोब युनिटमध्ये करू. शंभर वॅटचा दिवा दहा तास लागला की एक युनिट.

नऊ वॅटचे दोन दिवे पाच तास, तीस वॅटचा पंखा दहा तास, साठ वॅटचा लॅपटॉप पाच तास, आणि फोन वगैरे मिळून रोज पाऊण युनिट होतं. लहान फ्रिज ठेवला की आणखी पाऊण, एकूण दीड. पाचशे वॅटचं सौर पॅनेल स्वच्छ दिवशी साधारण दोन युनिट देतं. तेव्हा सगळं छान चालतं.

पण जुलै-ऑगस्टात बंगळुरूवर दिवस दिवस ढग असतात. अशा दिवशी तेच पॅनेल जेमतेम 0.6 युनिट देईल असं धरा. असे सलग तीन दिवस आले तर? फ्रिज असेल तर रोज 0.9 युनिटची तूट, तीन दिवसांत 2.7. फ्रिज नसेल तर रोजची तूट 0.15, तीन दिवसांत अर्धा युनिटही नाही. रात्रीचा वापर धरूनसुद्धा 12 व्होल्टची, शंभर अँपिअर-तासांची एक लिथियम बॅटरी त्याला पुरते. जुन्या शिशाच्या बॅटऱ्यांमधली निम्मीच वीज वापरावी, नाहीतर त्या लवकर मरतात. म्हणजे फ्रिज ठेवायचा की नाही, या एका निर्णयावर बॅटरीचा निम्म्याहून जास्त खर्च अवलंबून आहे. पहिल्या वर्षी फ्रिज नकोच, असं मी ठामपणे सांगेन. रोज ताजी भाजी आणि सकाळचं दूध यांवर आपल्या आज्या जगल्या.

गरज आधी आणि यंत्र नंतर हा क्रम बंगळुरूत नवा नाही. हरीश हांडे यांनी 1995 साली सुरू केलेल्या ‘सेल्को’ने कर्नाटकातल्या गरीब घरांना सौर दिवे दिले, तेही कुणाला किती तास आणि कशासाठी उजेड हवा हे विचारून. 2011 साली हांडे यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आणि गरज कमी करण्याची परिसीमा पाहायची तर पुण्यातलं उदाहरण आहे. वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. हेमा साने यांनी बुधवार पेठेतल्या घरात आयुष्यभर विजेची जोडणी घेतली नाही. तशा राहून त्यांनी गरवारे महाविद्यालयात शिकवलं, डॉक्टरेट केली, पुस्तकं लिहिली.

बंगळुरूच्या बाबतीत निसर्गाची एक कृपा आहे. पाण्याचा खंड फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, तेव्हा ऊन भरपूर असतं. उन्हाचा खंड जुलै-ऑगस्टात येतो, तेव्हा टाकी भरत असते. दोन्ही ओढगस्ती एकदम येत नाहीत.

7. संडासाचा प्रश्न पहिल्याच दिवशी

परदेशातल्या कॅराव्हॅनमध्ये संडासाखाली वीसेक लिटरचा डबा असतो. दोघांचा तो तीन-चार दिवसांत भरतो आणि ठरलेल्या ठिकाणी रिकामा करायचा असतो. आपल्याकडे तशी ठिकाणं नाहीत. आणि फ्लश लावला तर दर वेळी सहा लिटर. दोघांनी मिळून दिवसात दहा वेळा वापरला तर साठ लिटर गेले. मघाशी आपण दोघांच्या सगळ्या दिवसाला ऐंशी धरले होते.

म्हणून कोरडा संडास. दोन कप्पे असतात, एक वापरात, दुसरा बंद. लघवी वेगळी नळीने काढायची, ती दहापट पाण्यात मिसळून झाडांना घालता येते. विष्ठेवर दर वेळी राख किंवा लाकडाचा भुसा टाकायचा. कप्पा भरला की बंद करून सहा महिने ते वर्षभर हात लावायचा नाही. उघडल्यावर कोरडं, वास नसलेलं खत निघतं, ते फळझाडांना घालावं. पालेभाज्यांना नको. हाही खंडच आहे, फक्त इथे तो आपण मुद्दाम पाळायचा असतो. घाईने लवकर उघडलं तर जंत आणि रोगजंतू जिवंत असतात.

बंगळुरूच्या विद्यारण्यपुरात वास्तुरचनाकार चित्रा विश्वनाथ आणि पाण्याचे अभ्यासक एस. विश्वनाथ यांचं मातीच्या विटांचं घर आहे. तिथे असा संडास गच्चीवर आहे आणि गच्चीवरच भात पिकवून पाहिला आहे. मराठी माणसाने मात्र त्याआधी कणकवलीकडे पाहावं. तिथल्या गोपुरी आश्रमातून अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याचं सोनखत करणारे साधे संडास लोकांपर्यंत नेले. ज्या कामाला सवर्ण समाज हात लावत नव्हता, ते त्यांनी स्वतःच्या हातांनी केलं. ऑफ-ग्रिड राहण्याचा सगळ्यात अवघड भाग पाणी किंवा वीज नसून हा संकोच आहे, आणि तो सोडायला अप्पासाहेबांइतका चांगला गुरू दुसरा नाही.

8. जमीन घेण्याआधी

महाराष्ट्रात शेतजमीन घ्यायची तर मुळात शेतकरी असावं लागतं. कर्नाटकात 2020 च्या दुरुस्तीनंतर ती अट उठली. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना आणि अनिवासी भारतीयांना मात्र भारतात कुठेच शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने मिळू शकते. आपला सातबारा, तसा कर्नाटकातला आरटीसी. लोक त्याला पहाणी म्हणतात. चाळीस गुंठ्यांचा एकर दोन्हीकडे सारखाच. कॅराव्हॅनला चाकं आहेत म्हणून बांधकामाचे नियम लागणार नाहीत, असं गृहीत धरू नका. शेतघराचे नियम तालुका कार्यालयात जाऊन विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

कागद पाहून झाले की बांधावर जा. गावातल्या सर्वांत वयस्क शेतकऱ्यापाशी बसा आणि विचारा, ‘एका मोठ्या पावसापासून पुढच्या मोठ्या पावसापर्यंत जास्तीत जास्त किती दिवस गेलेले तुम्हाला आठवतात?’ मग जवळच्या पर्जन्यमापन केंद्राच्या नोंदींशी ते ताडून पाहा. दोन्हींतला मोठा आकडा घ्या. एक वही आणा, तिच्या पहिल्या पानावर तो आकडा लिहा, आणि सरळ भिंतींचा एक डबा उघड्यावर ठेवून पुढच्या पानापासून रोजचा पाऊस मिलिमीटरमध्ये नोंदवायला लागा. वर्षभर भरलेली ही वही हातात येईपर्यंत पक्क्या घराचा पाया खणू नका.